साचा वापरात राहिला पाहिजे

आयसेल नदीच्या काठी एका जुन्या व्यापारी गावात आमचं संग्रहालय आहे. संग्रहालय म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येतं तसं ते नाही. पुढे बेकरीचं जुनं दुकान, त्यामागे विटांची भट्टी असलेली खोली आणि अंगणाच्या कडेला मेण वितळवायची पडवी, एवढाच त्याचा पसारा. मसाले घातलेला मधाचा केक, म्हणजे जगभर ज्याला जिंजरब्रेड म्हणतात तो, आणि मेणबत्त्या, या दोन गोष्टी जुन्या पद्धतीनं कशा करत ते इथे करून दाखवतात. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे नेदरलँड्सला आले, आणि डच बोलायचा सराव व्हावा म्हणून शनिवारी इथे स्वयंसेवक म्हणून जाऊ लागले. पुढे भाषा आली, नोकरी लागली, मुलं मोठी होऊन घराबाहेर पडली. शनिवार मात्र सुटला नाही.

या देशात अशी छोटी संग्रहालयं गावोगावी आहेत. हात्तेमला बेकरीचं संग्रहालय आहे, मेदेम्ब्लिकला ‘जुनी बेकरी’ आहे. पवनचक्क्या बघायला झान्स स्खान्सला जाणारे आपले पर्यटक तिथल्या 1658 सालच्या घरातल्या बेकरी-संग्रहालयावरून पुढे जातात, पण आत फार थोडे डोकावतात. यांतली बरीचशी ठिकाणं निवृत्त माणसांच्या जिवावर चालतात. सोमवार ते शुक्रवार नातवंडं सांभाळणारे आजी-आजोबा शनिवारी एप्रन बांधून भट्टीपाशी उभे राहतात. मी त्यांच्यात वयानं सगळ्यात लहान होते. आता नाही.

मध आणि मेण एका छपराखाली का, असं बरेच लोक विचारतात. पोळं पिळलं की मध गळून खाली उतरतो आणि मेण हातात राहतं. साखर महाग होती तेव्हा गोडाला मध लागे, आणि चर्चमध्ये जळायला मधमाशीच्या मेणाच्याच मेणबत्त्या लागत. जर्मन भाषक मुलखात आणि तिकडे स्लोव्हेनियापर्यंत केक भाजणारा आणि मेणबत्त्या करणारा कारागीर बहुधा एकच असे. गरिबाच्या घरी मात्र गुरांच्या चरबीच्या बत्त्या जळत, धूर आणि वासासकट. हे सांगितलं की लोक दोन्ही वस्तूंकडे नव्यानं बघतात, हा माझा कायमचा अनुभव आहे.

माझ्या वाट्याला आधी मेणाचं काम आलं. मधमाशीचं मेण साधारण 62 ते 65 अंश सेल्सिअसला वितळतं. आम्ही ते सत्तरच्या आसपास राखतो. उंच, अरुंद डब्यात मेण आणि तो डबा गरम पाण्याच्या मोठ्या पातेल्यात. मेण थेट जाळावर कधीच ठेवायचं नाही, ते पेट घेतं. काडीला वाती बांधायच्या आणि सगळ्या एकदम बुडवून वर काढायच्या. पहिल्या बुडीत वात नुसती मेण पिते. ती बोटांनी ताणून सरळ करायची, कारण इथे वाकडी राहिली तर मेणबत्ती शेवटपर्यंत वाकडी. मग गार होऊ द्यायचं, पुन्हा बुडवायचं, पुन्हा गार. दर बुडीला कागदाएवढा थर चढतो. खाली टोकाला थेंब साचत जातो, तो अधूनमधून कापायचा. डब्यातलं मेण कमी होत जातं तसं वरून भरत राहायचं, नाहीतर मेणबत्तीचा वरचा भाग बारीक राहतो.

शाळांच्या सहली आल्या की मुलांना घाई असते. मेणात जास्त वेळ धरून ठेवली तर मेणबत्ती लवकर जाड होईल असं प्रत्येक मुलाला वाटतं. होतं नेमकं उलट. आधीचे थर गरम मेणात विरघळतात आणि मेणबत्ती पहिल्यापेक्षा बारीक होऊन बाहेर येते. एका मुलीनं असं दोन-तीनदा केलं, मग हातातल्या रोडावलेल्या वातीकडे बघत शांतपणे म्हणाली, “म्हणजे मधे थांबणं हेसुद्धा कामच आहे.” तिच्या बाईंनी ते वाक्य फळ्यावर लिहायचं ठरवलं. मीही ते विसरले नाही. त्या सुमारास मी डच भाषेची परीक्षा देत होते आणि रात्र-रात्र पाठांतर करून काही उपयोग होत नव्हता. रोज थोडं, आणि मधे मुरायला वेळ, असा क्रम धरला तेव्हा कुठे तोंडातून वाक्यं फुटायला लागली.

मेणबत्तीचा इतिहास सांगताना मी गौडा शहराचं नाव घेते. त्या गावचं चीज आपल्याकडेही पोचलं आहे, पण 1858 साली तिथे मेणबत्त्यांचा मोठा कारखाना निघाला हे कुणाला माहीत नसतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये चरबीतून स्टिअरिन नावाचा मेणासारखा घट्ट पदार्थ वेगळा काढण्याची युक्ती सापडली. त्याच काळात विणलेली वात आली. जळताना ती वाकते आणि तिचं टोक आपोआप जळून जातं, त्यामुळे दर थोड्या वेळानं कात्रीनं काजळी कापायची गरज संपली. स्वच्छ उजेड सामान्य घरांतही परवडू लागला. आजही गौडात डिसेंबरमधल्या एका संध्याकाळी चौकातल्या जुन्या नगरभवनाच्या खिडक्यांमधून मेणबत्त्या लावतात आणि सारं गाव तिथे जमतं.

केकचं काम मला शिकवलं ते ऐंशीच्या पुढच्या एका बेकरनं. इथे लहानथोर सगळ्यांना नावानं हाक मारतात. मला ते कधी जमलं नाही. मी त्यांना ‘मेनेर’, म्हणजे ‘साहेब’, म्हणत राहिले आणि त्यांनीही ते चालवून घेतलं. गावात सुपरमार्केट आलं तशी त्यांची बेकरी बंद झाली, आणि तिथली लाकडी परात, तराजू, साचे आमच्याकडे आले. सामानाबरोबर तेही आले, असं ते म्हणत.

अंदाजपंचे काम त्यांना अजिबात चालत नसे. त्यांच्या वह्या होत्या. हवा कशी होती, पीठ कुठल्या गिरणीचं, भट्टी किती वाजता पेटवली, माल कसा उतरला, हे रोज लिहिलेलं. वजन ग्रॅममध्ये. पण भट्टीचा ताव बघायला ते मूठभर पीठ तिच्या तळावर फेकत आणि ते किती वेळात तांबूस होतं ते बघत. मोजायचं ते काट्यानं मोजा आणि काट्याला कळत नाही ते डोळ्यांनी बघा, ही त्यांची शिकवण. विटांच्या भट्टीत फांद्यांचे भारे जाळायचे, विस्तव ओढून बाहेर काढायचा, ओल्या फडक्यानं तळ पुसायचा आणि मग उतरत्या आचेवर एकेक जिन्नस आत जायचा. आधी पाव, मग केक, शेवटी खडखडीत वाळवायची बिस्किटं. सगळं झाल्यावर दुसऱ्या दिवशीची लाकडं वाळायला आत ठेवायची. उष्णतेचा एक कणही वाया जात नसे.

इथल्या पारंपरिक केकला, म्हणजे ‘कूक’ला, लोणी लागत नाही आणि अंडंही लागत नाही. राय नावाच्या थंड हवेतल्या धान्याचं पीठ घ्यायचं, त्यावर कढत मध किंवा साखरेचा काकवीसारखा पाक ओतायचा, कालवायचं आणि लाकडी पिंपात झाकून ठेवायचं. आठवडाभर तरी, जमलं तर कितीतरी अधिक. मुरलेला गोळा इतका घट्ट होतो की हातानं मळता येत नाही. जुन्या काळी लांब लाकडी दांडा एका टोकाला बिजागरीनं बसवून, दुसऱ्या टोकावर माणसाचा भार देऊन तो चेपत. मग त्यात मसाले आणि फुगायला पोटॅश जातं. डेव्हेंटर शहराचं नाव या केकसाठी कित्येक शतकांचं आहे. तिथल्या ब्रिंक चौकातलं बुसिंक हे दुकान आपला आरंभ 1593 सालचा सांगतं. हा केक महिनोन् महिने टिकतो, म्हणून व्यापारी आणि खलाशी तो बरोबर नेत. आज तो डच घरांत न्याहारीला लोणी लावून खातात, आणि राजाच्या वाढदिवसाला, 27 एप्रिलला, दोरीला टांगलेले त्याचे तुकडे मुलं हात मागे बांधून तोंडानं पकडतात.

2020च्या मार्चमध्ये कोरोनामुळे सगळी संग्रहालयं बंद झाली. आमच्या पिंपात नुकताच कालवलेला गोळा होता. कुणालाच आत जाता येईना, मेनेर तर वयामुळे घराबाहेरच पडत नव्हते. जूनमध्ये दार उघडलं तेव्हा मी त्यांना फोन करून विचारलं, फेकून देऊ का? ते म्हणाले, “वास घे आणि मला सांग.” गोड, किंचित आंबूस, तळघरासारखा गार वास होता. म्हणाले, “आता तो तयार झालाय.” त्या दिवशी भाजलेल्या केकइतका मऊ केक आमच्या भट्टीतून ना त्याआधी निघाला होता, ना नंतर निघाला. मेनेर त्यानंतर दोन हिवाळे होते. त्यांच्या वह्या आता कपाटात आहेत, पण आम्ही त्यांच्या प्रती काढून घेतल्या आणि त्या प्रतींवर पिठाचे डाग पडले आहेत. मला या डागांचा अभिमान वाटतो.

संग्रहालयाची सगळ्यात मौल्यवान चीज म्हणजे लाकडी साचे. नाशपाती किंवा बीचच्या लाकडात उलटं कोरलेलं चित्र: बिशपच्या वेषातला संत निकोलास, जहाज, पवनचक्की, झालरीचा पोशाख घातलेली तरुण जोडी. संत निकोलासच्या पाच डिसेंबरच्या सणाला तरुण आपल्या मनातल्या मुलीला असा माणसाच्या आकाराचा केक देई आणि ती तो घेते की नाही यावरून काय समजायचं ते समजे. स्पेक्युलास नावाची मसालेदार बिस्किटं याच साच्यांतून काढतात. आधी साच्यावर बारीक तांदळाची पिठी भुरभुरवायची. गव्हाचं पीठ लावलं तर ते चिकटून रेषा भरतात, तांदळाची पिठी मात्र कणदार राहते आणि गोळा सुटतो. मग पिठाचा गोळा कोपऱ्याकोपऱ्यांत दाबायचा, वरचं जास्तीचं ताणलेल्या तारेनं सपाट कापून काढायचं, आणि साचा टेबलाच्या कडेवर एका फटक्यात आपटायचा. संत निकोलास दाढीसकट बाहेर पडतो.

या साच्यांवरून आमच्यात मोठा वाद झाला. एका तज्ज्ञांनी सांगितलं की जुने साचे काचेमागे ठेवा. पिठाचा ओलावा आणि साबणाचं पाणी लाकूड फोडतं, कीड लागते. बरोबरच होतं त्यांचं. पण काचेमागे गेल्यावर प्रात्यक्षिक कशावर करायचं? वर्षभर आम्ही प्लास्टिकचे साचे वापरले. बिस्किटं ठीक निघत, पण बघणारे लवकर पांगत, आणि मेनेर त्या टेबलाजवळ फिरकेनात. शेवटी आम्ही वर्गणी काढली आणि लाकूड कोरणाऱ्या एका कारागिराकडून जुन्यांवरून नवे साचे करून घेतले. तो जुना साचा बोटांनी चाचपत बसे. चेहऱ्याचा भाग मुद्दाम खोल कोरलेला आहे, कारण भाजताना पीठ पसरतं आणि नाक-डोळे तेवढे उठून राहायला हवेत, हे त्याला चाचपूनच कळलं. कपाटात ठेवलेल्या साच्यातून ही गोष्ट कुणाला दिसली नसती. माझ्या दृष्टीनं आमच्या संग्रहालयाचं खरं वळण ते. तेव्हापासून आमचा नियम आहे: जुनी वस्तू जपायची, तिची जोडीदार करून घ्यायची, आणि जोडीदार रोज वापरायची.

दुसरं वळण मसाल्यांच्या ताटामुळे आलं. दालचिनी, लवंग, जायफळ, जायपत्री, सुंठ, वेलदोडा, पांढरी मिरी हे सगळं एका लाकडी ताटात मांडून मागे जहाजांचं एक सुरेख चित्र लावलेलं होतं. लोक वास घेत, खूश होत. एकदा एक वयस्क बाई आल्या. आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवरच्या, डचांच्या वसाहती सैन्यातल्या सैनिकांची सुमारे 12,500 माणसं, बायकामुलांसकट, 1951 साली इथे आणली गेली. त्यांतल्या एका कुटुंबात त्या वाढलेल्या. लवंग हातात घेऊन म्हणाल्या, “जहाजं दाखवलीत. पण झाडं कुणाच्या अंगणातली होती?” माझ्याजवळ त्यांना दाखवण्यासारखं काही नव्हतं.

घरी येऊन मी वाचायला बसले. जायफळ पिकायचं ते मोलुक्कांमधल्याच बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांवर. 1602 साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीनं 1621 साली यान पीटरझोन कून याच्या हुकमतीखाली ती बेटं काबीज केली. तिथली हजारो माणसं मारली गेली, उपाशी मेली किंवा गुलाम झाली, आणि त्यांच्या बागा कंपनीनं वाटून टाकल्या. लवंगेचा भाव टिकावा म्हणून आपल्या ताब्याबाहेरच्या बेटांवरची झाडं तोडायच्या मोहिमा निघत. दालचिनी सिलोनची. मिरी मलबारची, आणि तिथलं कोचीन 1663 साली डचांनी पोर्तुगीजांकडून घेतलं. या साखळीत माझं गावही होतं. वेंगुर्ल्याची डच वखार मी लहानपणापासून पाहत आले. छप्पर गेलेलं, भिंतींतून वडपिंपळ उगवलेले. सतराव्या शतकात गोव्याची कोंडी करणाऱ्या डच जहाजांना रसद पुरवायला ती जागा कामी येई. आम्ही पोरं तिच्या जवळपास खेळलो, पण ती कुणाची आणि कशासाठी हे शाळेत कुणी समजावलं नव्हतं. ते समजलं मला या केकपायी, आयसेलच्या काठी बसून.

संग्रहालयाच्या बैठकीत मी नवा फलक मांडला तेव्हा सगळ्यांना तो रुचला नाही. “लोक इथे सणाचा वास घ्यायला येतात, त्यांना दुःख कशाला?” असं एकानं विचारलं. त्याचा हेतू वाईट नव्हता. मी एवढंच म्हटलं, की वास त्यांना घेऊ द्या, पण तो कुठून आला हेही सांगू या. बरीच चर्चा होऊन फलक लागला: बेटांचा नकाशा, 1621 हे साल, आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं वखारींची नावं, त्यात वेंगुर्ला. मोलुक्कन बाई नंतर आपल्या नातवंडांना घेऊन आल्या आणि त्यांनी मुलांना आधी फलक वाचायला लावला, मग बिस्किटं दिली. विरोध करणारे गृहस्थ आता स्वतः तो नकाशा लोकांना समजावून सांगतात.

हे सगळं सोपं नाही, हेही सांगायला हवं. पैसा कायम अपुरा असतो. भट्टीची दुरुस्ती येणारी माणसं कमी, मेण महाग, आणि स्वयंसेवकांचं वय दर वर्षी वाढतं. काही शनिवारी पावसात दोन माणसं येतात आणि त्यांच्यासाठी भट्टी पेटवायची का हा प्रश्न पडतो. आम्ही पेटवतो. भट्टी बराच काळ थंड राहिली तर विटांत ओल धरते, आणि हातसुद्धा सवय विसरतात.

भारतात गेले की मी पुण्याला बहिणीकडे राहते आणि राजा केळकर संग्रहालयात चक्कर मारते. दिनकर केळकरांनी वाड्यावाड्यांतून हिंडून दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी जमवली आणि 1975 साली तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यांनी ते केलं नसतं तर त्यातलं कितीतरी मोडीत गेलं असतं. पण गेल्या खेपेला पाडव्याच्या आधी मी साखरेच्या गाठी करणाऱ्या एका कुटुंबाकडेही गेले. लाकडी साचा, त्यात आडवा दोरा, वरून कढत पाक, आणि पाक घट्ट झाला की साचा उघडून शुभ्र माळ बाहेर. काकांनी सांगितलं की साचा कोरून देणारा आता सहज मिळत नाही, जुन्यांचीच डागडुजी करून ते भागवतात. मी साचा हातात घेतला आणि बोटं आपोआप खोल कोरलेल्या जागा शोधू लागली. त्यांच्या मुलाला मी विचारलं, पाक किती तापवायचा हे कुठे लिहिलं आहे का? तो म्हणाला, “बाबांना माहीत आहे.”

आपल्याकडे अशा वस्तू अजून कामात आहेत, हे आपलं भाग्य आहे. नेदरलँड्समध्ये जे आम्ही वर्गणी काढून, तज्ज्ञ बोलावून पुन्हा उभं करतो, ते आपल्या गल्लीत अजून आपसूक चालू आहे. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. घरात किंवा ओळखीत गाठीचा, संदेशाचा, चिरोट्याचा, खाज्याचा साचा किंवा हत्यार असेल तर ते भिंतीवर शोभेला लावू नका, सणाला त्यातून काहीतरी करा. जो करतो त्याच्याजवळ बसून मापं, आच, वेळ वहीत उतरवून घ्या आणि त्याचे हात फोनवर चित्रित करून ठेवा. साचा झिजला असेल तर कोरणारा आहे तोवर त्याची जोड करून घ्या. आणि हे पुढच्या वर्षावर टाकू नका, कारण साचा थांबेल, पण ज्याला तो चालवता येतो तो माणूस थांबणार नाही.